आर्त हाक आणि आपले कर्तव्य

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



प्रतिवर्षी या व्यासपीठावरून विद्वानांची, वैद्यांची आणि उद्योजकांची भाषणे आपण ऐकत आला आहात. यंदा चिटणिसांनी हा मान पोलिसांच्या नियंत्रण कक्षात टेलिफोनपाशी बसून आयुष्य वेचलेल्या आमच्यासारख्या सामान्य सेवकास दिला, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. आमच्या अंगावर गणवेश होता खरा. परंतु ३१ वर्षांच्या सेवेत आम्ही एकही चोर पकडला नाही, की कोणावर लाठी उगारली नाही. आमची नोकरी कानाची. संकटात सापडलेला मनुष्य ज्या क्रमांकावर हाक मारतो, तेथे ती हाक प्रथम ऐकावयाची आणि मदत करू शकणाऱ्या हातांपर्यंत ती विनाविलंब पोचवावयाची, एवढेच आमचे काम. ते ऐकावयास सोपे वाटते. ते सोपे का नाही आणि त्याचा आपल्या ज्ञातीशी काय संबंध, हेच आज सांगावयाचे आहे.

अशा एका ठरावीक क्रमांकाची कल्पना मुळात एका दुर्घटनेतून निघाली. १९३५ सालच्या नोव्हेंबरात लंडन शहरातील विंपोल स्ट्रीटवर एका घरास आग लागली. शेजारच्या गृहस्थांनी अग्निशामक दलास टेलिफोन लावला. पण टेलिफोन कचेरीत इतर साध्या फोनांच्या रांगेतच त्यांना तिष्ठत राहावे लागले. त्या आगीत पाच स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. त्या गृहस्थांनी वृत्तपत्रात पत्र लिहून ही व्यथा मांडली, चौकशी झाली आणि ३० जून १९३७ रोजी लंडनमध्ये ९९९ हा क्रमांक सुरू झाला. तो फिरविला की टेलिफोन कचेरीत तांबडा दिवा लागे, भोंगा वाजे आणि इतर फोन बाजूस सारून तो प्रथम घेतला जाई. अमेरिकेत ९११ या क्रमांकावरचा पहिला फोन १६ फेब्रुवारी १९६८ रोजी अलाबामा राज्यातील हेलीव्हिल या लहानशा गावी झाला.

आपल्याकडे पोलिसांसाठी १०० आणि अग्निशामक दलासाठी १०१ हे क्रमांक आपण लहानपणापासून ऐकत आलो. दिल्लीत १६ डिसेंबर २०१२ रोजी एका तरुणीवर जो घोर अत्याचार झाला, त्यानंतर सर्व देश हादरला. निर्भया निधी उभा राहिला आणि त्याच निधीतून सर्व प्रकारच्या तातडीच्या मदतीसाठी ११२ या एकाच क्रमांकाची योजना आकारास आली. २०१८ च्या नोव्हेंबरात हिमाचल प्रदेशाने ती प्रथम अंगीकारली आणि २०२१ मध्ये आपल्या महाराष्ट्रातही ती सुरू झाली. ज्यांच्या हाती नव्या पद्धतीचा मोबाइल आहे, त्यांना त्याचे चालू-बंद करण्याचे बटण लागोपाठ तीनदा दाबूनही हाक मारता यावी, आणि साध्या मोबाइलवर ५ किंवा ९ हा आकडा दाबून धरला तरी चालावे, असा नियमही सरकारने केला आहे.

आता त्या खुर्चीवर बसणाऱ्याचे काम कसे चालते ते थोडक्यात सांगतो. पूर्वी आमच्यापुढे दोन-तीन टेलिफोन, एक नोंदवही आणि बिनतारी यंत्र एवढाच सरंजाम असे. एका कानाने फोन ऐकावयाचा, हाताने लिहावयाचे आणि तोंडाने गस्तीच्या गाडीला संदेश द्यावयाचा. आज राज्याच्या केंद्रात फोन घेणारा वेगळा असतो. तो संगणकावर माहिती भरतो. ती त्या त्या जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात उमटते आणि तेथील सेवक जवळची गाडी शोधून तिच्यातील पडद्यावर ती धाडतो. यंत्रे बदलली, पण प्रश्नांचा क्रम बदलला नाही. पहिला प्रश्न ‘कोठे?’ दुसरा ‘काय?’ आणि तिसरा ‘या क्षणी कोणाच्या जिवाला धोका आहे का?’ ठिकाण आधी विचारण्याचे कारण उघड आहे. पुढच्या क्षणी फोन तुटला, तरी ठिकाण हाती असेल तर गाडी निघू शकते. काय झाले ते सविस्तर कळले आणि कोठे झाले ते कळले नाही, तर तो सारा वृत्तान्त व्यर्थ होय.

घाबरलेल्या माणसाला मात्र हा क्रम सुचत नाही. तो गोष्ट पहिल्यापासून सांगू लागतो, रडतो, कधी आमच्यावरच संतापतो. त्याच्या संतापाला उत्तर द्यावयाचे नसते. आवाज यत्किंचितही न चढविता तोच प्रश्न पुन्हा विचारावयाचा असतो. काही फोनांवर कोणी बोलतच नाही. अशा वेळी मागे भांडे पडल्याचा, दार आपटल्याचा, मूल रडल्याचा आवाज येतो का, हे श्वास रोखून ऐकावे लागते. मुलांनी गमतीने केलेले आणि रिकामटेकड्यांनी शिवीगाळीसाठी केलेले फोनही पुष्कळ येतात, आणि तेही प्रत्येक वेळी खरेच समजून उचलावे लागतात. आणखी एक दुःख असे की, आम्हाला गोष्टीचा शेवट बहुधा कळत नाही. गाडी पोचली, अशी नोंद होते आणि दुसरा फोन वाजतो. ती बाई वाचली का, तो म्हातारा घरी परतला का, हे प्रश्न घेऊनच आम्ही पहाटे घरी जात असू.

बंधुभगिनींनो, एका गोष्टीचा शेवट मात्र आम्हाला कळला. आणि तोच सांगण्यासाठी आम्ही आज येथे उभे आहोत. जिची ही गोष्ट आहे ती माउली आज हयात नाही. तिच्या कन्येची अनुमती घेऊन आणि ओळख पटू नये एवढी काळजी घेऊन आम्ही ती सांगत आहोत. कन्येने अट एकच घातली : नावे नकोत, पण गोष्ट मात्र आपल्या लोकांतच सांगा.

१९९६ च्या पावसाळ्यातील एक रात्र. सव्वा वाजण्याच्या सुमारास फोन वाजला. आठ-नऊ वर्षांच्या मुलीचा आवाज. “काका, बाबा आईला मारतायत.” आम्ही विचारले, “बाळ, कुठून बोलतेस?” ती म्हणाली, “घरातून.” फोन कोणत्या घरातून आला हे दाखविणारी सोय त्या काळी आमच्यापाशी नव्हती. पत्ता विचारला, तो तिला सांगता येईना. शेवटी ती म्हणाली, “देवळामागची इमारत. तिथे सगळी आमचीच माणसं राहतात.” मग तिने आडनाव सांगितले आणि आमच्या हातातील लेखणी थांबली. ती इमारत ज्ञातिबांधवांचीच होती. ते घर आम्ही ओळखत होतो. तेथे आम्ही पंगतीला बसलो होतो.

अशा वेळी कर्तव्य काय, हे आम्हाला पुरते ठाऊक होते. बायकोला छळणे हा १९८३ पासून दंडनीय अपराध होताच. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, हाक आली की गाडी धाडावयाची, हा आमच्या खुर्चीचा पहिला धर्म. आम्ही त्या मुलीला म्हणालो, “घाबरू नकोस, गाडी निघाली आहे.” तिने फोन ठेवला. आणि आम्ही बिनतारी यंत्राकडे हात न नेता दुसरा टेलिफोन उचलून ज्ञातीतील एका वडीलधाऱ्या गृहस्थांना उठविले. ते म्हणाले, “गाडी पाठवू नका. दारात पोलीस उभे राहिले तर तीन पिढ्यांची अब्रू जाईल. सकाळी आम्ही जाऊन समजूत घालतो.” आम्ही ते मानले. नोंदवहीत लिहिले : ‘घरगुती वाद, आपसात मिटत आहे.’

सकाळी मंडळी गेली, तेव्हा त्या माउलीच्या एका हाताचे हाड मोडले होते आणि एका कानाचा पडदा फाटला होता. समजूत घातली गेली. बाहेर कोणास काही कळले नाही. अब्रू राहिली. त्या कानाने तिला पुढे जन्मभर ऐकू आले नाही.

त्या गृहस्थांना आम्ही दोष देत नाही. खुर्चीवर ते नव्हते, आम्ही होतो. काही वर्षांपूर्वी तीच मुलगी, आता स्वतः आई झालेली, एका लग्नात भेटली. आम्ही कोणत्या खात्यात होतो ते तिला कळले आणि बोलता बोलता सारे उलगडले. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, “काका, तुम्ही म्हणालात गाडी निघाली आहे. मी खिडकीत उभी राहिले होते. उजाडेपर्यंत.”

यावर आम्हाला काय उत्तर देता येणार होते? आपण सर्वांनी मिळून एक उत्तर द्यावे, एवढ्यासाठी पुढील चार विनंत्या.

पहिली विनंती मुलांविषयी. आपल्या संस्थेच्या परिवार-सूचीत प्रत्येक घराचा पत्ता छापलेला आहे; परंतु त्या घरातील लहान मुलास तो सांगता येतो का? पाढ्यांबरोबर त्याला इमारतीचे नाव, मजला, रस्ता, जवळची ठळक खूण आणि ११२ हा क्रमांक पाठ करवावा. मोबाइलवरून ठिकाण कळते, असे मानून स्वस्थ बसू नये. ते कधी अचूक येते, कधी बरेच दूरचे येते. आणि तिसरा मजला की सातवा, हे त्यावरून उमगेलच असे नाही.

दुसरी विनंती फोन करणाऱ्यास. आधी ठिकाण सांगावे, मग प्रसंग. विचारलेल्या प्रश्नांना नेमकी उत्तरे द्यावीत आणि पलीकडचा सेवक सांगेपर्यंत फोन ठेवू नये. तो प्रश्न विचारीत असतो म्हणून मदत खोळंबते, असा अनेकांचा समज असतो. तो आता बहुधा चुकीचा ठरेल. कारण आपण बोलत असतानाच ती माहिती पुढे जाऊ शकते. चुकून फोन लागला तर तो घाईने तोडू नये. चूक झाली असे सांगून मगच ठेवावा. नाहीतर, काही अघटित तर घडले नाही ना, या शंकेने त्याला उलट फोन करीत बसावे लागते.

तिसरी विनंती शेजाऱ्यांस. भिंतीपलीकडचा आक्रोश ऐकूनही, आपण कोर्टकचेरीत अडकू, या भयाने पुष्कळ सज्जन गप्प राहतात. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा स्पष्ट सांगतो की, अशा हिंसेची खबर कोणीही देऊ शकतो आणि सद्भावनेने खबर देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कसलीही जबाबदारी येत नाही. शिवाय, ११२ वर केलेली हाक म्हणजे कोणावर भरलेला खटला नव्हे. ती केवळ, ‘येथे या, आत्ता या’ एवढीच विनवणी आहे.

चौथी विनंती ज्ञातीतील वडीलधाऱ्यांस, आणि हीच सर्वांत महत्त्वाची. समेट घडवून आणणे हे आपल्या संस्थेचे जुने आणि आदरणीय कार्य आहे. अनेक संसार त्यामुळे सावरले आहेत. तथापि समेटाला वेळ असते. हात उगारलेला असताना समेट होत नसतो. त्या वेळी फक्त मदत होत असते. म्हणून रात्री-अपरात्री आपल्याला कोणी उठवून असा प्रसंग सांगितला, तर आपण प्रथम ११२ फिरवावा, मग पायांत चप्पल सरकवावी. समजूत, सल्ला, बैठक हे सारे नंतर. आणि तेही त्या स्त्रीची इच्छा विचारूनच.

ज्ञातीची अब्रू आपणा सर्वांना प्रिय आहे, आम्हालाही आहे. पण ती बंद दारांत राहते, की त्या दारावर वेळेवर पडलेल्या थापेत राहते, याचा विचार आपण प्रत्येकाने करावा. आम्ही तो त्या रात्री केला नाही. येत्या वर्षाच्या दिनदर्शिकेवर आणि परिवार-सूचीच्या पहिल्या पानावर ११२ हा क्रमांक ठळक छापावा, आणि त्याखाली प्रत्येक कुटुंबाने आपला पत्ता मुलाच्या हाताने लिहून घेण्यासाठी जागा सोडावी, अशी सूचना मांडून आम्ही कार्यकारी मंडळास ती मान्य करण्याची प्रार्थना करतो.

त्या मुलीला दिलेला शब्द आम्हाला आता पाळता येणे नाही. परंतु यापुढे आपल्या कोणत्याही घरातील लेकरू खिडकीशी उभे राहिले, तर त्याला उजाडण्याची वाट पाहावी लागू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.