बोटावरचा आकडा आणि मनगटातले रक्त



परळीच्या माणसाला वैजनाथाच्या पायऱ्या हीच छातीची परीक्षा. मध्येच थांबून दम खावा लागला, की आपण म्हणतो, "वय झालं." पण दोष प्रत्येक वेळी वयाचा नसतो. कधी फुप्फुसांतला व्यवहार बिघडलेला असतो.

फुप्फुसांत द्राक्षाच्या घडासारखे कोट्यवधी वायुकोश असतात. त्यांची भिंत मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ. तिच्याजवळून रक्त जेमतेम एका सेकंदात पुढे सरकते. तेवढ्यात प्राणवायू आत येतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो. आवक आणि जावक, दोन्ही चालली पाहिजेत. २०२० च्या कोविड साथीपासून अनेक घरांत आलेले, बोटाला लावायचे यंत्र फक्त आवक सांगते.

मी पाहिलेल्या एका आजींची गोष्ट सांगतो. आयुष्य चुलीपुढे गेलेले. धुराने छाती कायमची अधू झालेली. घरी प्राणवायूचे यंत्र होते. एका रात्री बोटावरचा आकडा ८७ दिसला. मुलाने घाबरून प्राणवायू एका लिटरवरून पाच लिटरवर नेला. आकडा ९८ झाला, घर निर्धास्त झोपले. पहाटे आजी हाकेला ओ देईनात.

आम्ही त्यांच्या मनगटातल्या धमनीतून रक्त घेतले. शिरेतून नव्हे, कारण फुप्फुसांतून ताजे आलेले रक्त धमनीत असते. टोचताना जरा दुखते. सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढून रक्त लगेच तपासावे लागते. कार्बन डायऑक्साइडचा दाब ३५ ते ४५ हवा. आजींचा ८२ होता. रक्ताची आम्लता दाखवणारा पीएच ७.३५ च्या खाली जाऊ नये, तो ७.२२ वर आला होता. अशा जुनाट रोग्याला गरजेपेक्षा जास्त प्राणवायू दिला, की हवा आणि रक्त यांचा फुप्फुसातला मेळ बिघडतो, श्वासही मंदावू शकतो. जावक तुंबते आणि गुंगी येते.

१९५२ साली कोपनहेगनला पोलिओची साथ आली, तेव्हा डॉक्टरांचीही अशीच फसगत झाली होती. प्राणवायू दिलेल्या रोग्यांचा रंग बरा दिसे, तरी ते दगावत. आत कार्बन डायऑक्साइड साचतो आहे, हे ब्यॉर्न इब्सेन यांनी ओळखले. मग वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, हाताने पिशव्या दाबून रोग्यांना श्वास दिला. रक्ताच्या आजच्या तपासणीचा पाया त्याच साथीत पौल आस्ट्रुप यांच्या प्रयोगशाळेत पडला.

आजींचा प्राणवायू बेताचा केला, मास्कच्या यंत्राने श्वासाला आधार दिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी चहा मागितला.

म्हणून सांगतो, फुप्फुसांच्या अशा जुनाट आजाराच्या अनेक रोग्यांना ८८ ते ९२ हाच आकडा पुरेसा असतो. आपल्या रोग्याला किती हवा, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. प्राणवायू मनाने वाढवू नका, मनाने बंदही करू नका. आणि आकडा कितीही चांगला असो, माणूस गुंगीत जात असेल तर सकाळची वाट पाहू नका.