सेनापतीच्या शोधांत क्लीव्हलँड

अमेरिकेंतील ओहायो राज्यांत ईरी नांवाच्या विस्तीर्ण सरोवराच्या कांठीं क्लीव्हलँड हें शहर वसलेलें आहे. पोलादाचे कारखाने आणि बंदर यांवर वाढलेलें हें कष्टाळू लोकांचें नगर. येथें एप्रिल महिना जवळ आला, कीं घरोघर एकच प्रश्न ऐकूं येतो: यंदा तरी आपल्या फुटबॉल-संघाला खरा क्वार्टरबॅक लाभेल काय? उपवर कन्येच्या घरीं स्थळांची चौकशी चालावी, त्या तळमळीनें या नगरांत दूरदूरच्या विद्यापीठांतील बावीस-तेवीस वर्षांच्या तरुणांची चौकशी चालते. १९९९ सालापासून चाललेला हा शोध, माणसाची पारख करूं पाहणाऱ्या प्रत्येकास कांहीं शिकवील असा आहे.

अमेरिकन लोक ज्यास फुटबॉल म्हणतात, तो खेळ भारतांतील फुटबॉलहून अगदीं निराळा. त्यांतील चेंडू लंबगोल असतो आणि पायापेक्षां हाताचाच उपयोग अधिक. प्रत्येक बाजूस ११ गडी. मैदान १०० यार्ड लांबीचें. ज्या पक्षाकडे चेंडू असेल, त्यानें ४ प्रयत्नांत निदान १० यार्ड पुढें सरकावें. तें न साधलें तर चेंडू प्रतिपक्षाच्या हातीं जातो. चढाईचा प्रत्येक डाव ज्याच्या हातांतून सुरू होतो, तो गडी म्हणजे क्वार्टरबॅक. चेंडू हातीं येतांच त्याला दोन-तीन सेकंदांत सारें मैदान न्याहाळावें लागतें. आपला कोणता गडी मोकळा आहे, प्रतिपक्ष कोठून चाल करून येत आहे, चेंडू दूर फेकावा कीं धांवणाऱ्याच्या हातीं द्यावा, याचा निर्णय तो तेवढ्या अवधींत करतो. आणि त्याच वेळीं बलदंड प्रतिस्पर्धी त्याला भुईसपाट करण्यासाठीं धांवून येत असतात. त्याच्यापुढें उभे असलेले स्वपक्षाचे ५ रक्षक डळमळले, तर त्याची बुद्धि आणि त्याचा बाहु दोन्हीं व्यर्थ. ही गोष्ट श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावी. पुढील हकीकतीचें मर्म तिच्यांत आहे.

असे तरुण संघांस मिळतात ते ‘ड्राफ्ट’ नांवाच्या वार्षिक निवडींत. तिची कल्पना फिलाडेल्फियाच्या ईगल्स संघाचे मालक बर्ट बेल यांची. विद्यापीठांतून बाहेर पडणारे उत्तम खेळाडू श्रीमंत आणि विजयी संघांकडे जात, आणि दुबळे संघ अधिकच दुबळे होत. हें पाहून १९३५ सालीं त्यांनीं सुचविलें, कीं सर्वांच्या मागें राहिलेल्या संघानें पहिली निवड करावी आणि विजेत्यानें शेवटची. ८ फेब्रुवारी १९३६ रोजीं फिलाडेल्फियांतील एका हॉटेलांत ९ संघांची पहिली निवड झाली. पहिला मान शिकागो विद्यापीठाच्या जे बर्वेंगर या खेळाडूस मिळाला. पण व्यावसायिक खेळांत तो कधीं उतरलाच नाहीं! पहिल्या निवडीनेंच जणूं पुढच्या फजित्यांची सूचना देऊन ठेविली. आज ३२ संघ ७ फेऱ्यांत निवड करतात, आणि निवडीचे क्रम त्यांना आपसांत बदलूनही घेतां येतात. परंतु मागचा तो पुढें, हा मूळ न्याय कायम आहे.

निवडीपूर्वीं परीक्षा कमी होते असें नाहीं. इंडियानापोलिस येथें शेंकडों तरुण एकत्र आणले जातात. त्यांची उंची, वजन, तळहाताचें मापही घेतलें जातें, ४० यार्ड धांवण्यास लागणारा वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत टिपला जातो, मुलाखती होतात. तथापि शितावरून भाताची परीक्षा करण्याचा हा प्रकार क्वार्टरबॅकच्या बाबतींत वारंवार फसला आहे. १९९८ सालीं पेटन मॅनिंग आणि रायन लीफ यांपैकीं श्रेष्ठ कोण, यावर जाणत्यांत वाद होता. मॅनिंग पहिला निवडला गेला, लीफ दुसरा. लीफची कारकीर्द थोड्याच वर्षांत आटोपली. मॅनिंग या खेळांतील थोरांत गणला गेला. २००० सालीं टॉम ब्रेडी हा तरुण १९९ व्या क्रमांकापर्यंत कोणासही नको होता. त्यानें पुढें ‘सुपर बोल’ हा अजिंक्यपदाचा सामना ७ वेळां जिंकला. त्याच निवडींत क्लीव्हलँडनें १८३ व्या क्रमांकावर एक क्वार्टरबॅक घेतला होता. तो ब्रेडी नव्हता.

क्लीव्हलँडच्या दुःखाची धार समजण्यास त्याचें पूर्ववैभव ठाऊक हवें. तेथील ‘ब्राउन्स’ संघ १९४६ सालीं खेळूं लागला. पॉल ब्राउन हे त्याचे शिक्षक. संघाचें नांवही त्यांच्यावरूनच पडलें. त्यांचा क्वार्टरबॅक होता ऑटो ग्रॅहॅम. १९४६ ते १९५५ या १० वर्षांत या जोडीनें दरवर्षीं अंतिम सामना गांठला आणि ७ वेळां अजिंक्यपद मिळविलें. मौजेची गोष्ट अशी, कीं ग्रॅहॅमला ड्राफ्टमध्यें निवडलें होतें तें डेट्रॉइटच्या संघानें. ब्राउन यांनीं त्याचे गुण स्वतः हेरले आणि प्रतिस्पर्धी संघटनेंतील आपल्या नव्या संघांत त्याला आणलें. संघाचें शेवटचें अजिंक्यपद १९६४ सालचें. पुढें १९९५ चा हंगाम संपल्यावर मालकानें संघच उचलून बाल्टिमोर शहरीं नेला. लोकक्षोभामुळें नांव, रंग आणि इतिहास एवढें मात्र क्लीव्हलँडकडे राहिलें. तीन हंगाम त्या शहरानें संघाविना काढले.

१९९९ सालीं त्याच नांवाचा नवा संघ उभा राहिला आणि पहिल्या निवडीचा मान त्याला मिळाला. केंटकी विद्यापीठाचा टिम काउच निवडला गेला. परंतु ज्या संघांत तो आला, त्यांतील कित्येक गडी इतर संघांनीं राखून न ठेवलेल्यांतून वेंचलेले होते, आणि रक्षकांची फळी कच्ची होती. पहिल्याच वर्षीं प्रतिपक्षांनीं काउचला ५६ वेळां चेंडूसह जमिनीवर पाडलें. अशा तरुणाकडून स्थिर बुद्धीची अपेक्षा करणें म्हणजे गळक्या छपराखालीं दिवा तेवत ठेवण्यास सांगणें होय. २००२ सालीं संघ बाद फेरींत पोंचला खरा. पण ऐन वेळीं काउचचा पाय मोडला होता. २००३ च्या हंगामानंतर तो क्लीव्हलँडकडून पुन्हां खेळला नाहीं.

मग शोधाचें सत्र सुरू झालें. २००७ सालीं ब्रेडी क्विन, २०१२ सालीं ब्रँडन वीडन, २०१४ सालीं जॉनी मँझेल. तिघेही पहिल्या फेरींतले, आणि योगायोग असा, कीं तिघेही २२ व्याच क्रमांकावर निवडले गेले. वीडन आधीं बेसबॉल खेळून आलेला. निवडीच्या वेळीं तो २८ वर्षांचा होता. मँझेलचा विद्यापीठांतील लौकिक मोठा. पण त्याचें जीवन विस्कळीत होत गेलें आणि दोन हंगामांत तो निघून गेला. तिघांपैकीं एकाचाही जम बसला नाहीं. सारा दोष या तरुणांचाच होता, असें म्हणवत नाहीं. १९९९ ते २०१८ या अवधींत संघानें ८ मुख्य शिक्षक नेमले. त्यांपैकीं एकास तर एकाच हंगामानंतर निरोप मिळाला. एका गुरूनें पाटीवर लिहावें, दुसऱ्यानें तें पुसावें, आणि शिष्य नापास झाला म्हणून शिष्यासच घालवून द्यावें, असा हा क्रम. शहरांतील एका खिडकींत काउचच्या नांवाचा खेळाडूचा सदरा टांगलेला असे. त्याच्या नांवाखालीं प्रत्येक नव्या क्वार्टरबॅकचें नांव चिकटवीत. २०१७ पर्यंत ती यादी २५ हून अधिक नांवांची झाली.

२०१६ सालीं दुसऱ्या क्रमांकाची निवड हातीं असतांना चालकांनीं ती फिलाडेल्फियास दिली आणि बदल्यांत अनेक निवडी घेतल्या. २०१७ सालीं १० व्या क्रमांकावर कॅन्सस सिटीनें पॅट्रिक महोम्स यास उचललें. त्याच वर्षीं क्लीव्हलँडनें आपला १२ वा क्रमांक ह्यूस्टनला देऊन टाकला व ह्यूस्टननें त्यावर डेशॉन वॉटसन यास घेतलें. क्लीव्हलँडनें दुसऱ्या फेरींत डेशोन कायझर निवडला आणि २१ वर्षांच्या त्या मुलास पहिल्याच सामन्यापासून रणांगणांत उभें केलें. पी हळद आणि हो गोरी! परिणाम असा, कीं १६ सामने आणि १६ पराभव. जानेवारी २०१८ मध्यें कडाक्याच्या थंडींत लोकांनीं मैदानाभोवतीं ‘परिपूर्ण हंगामा’ची उपहासाची मिरवणूक काढली, आणि त्याच निमित्तानें गरजूंच्या अन्नासाठीं मदतही जमविली. ज्यांनीं संघाचा नाद सोडला असेल, ते इतक्या थंडींत त्याची थट्टा करावयास येत नाहींत.

मागचा तो पुढें, या न्यायानें २०१८ ची पहिली निवड क्लीव्हलँडला मिळाली, आणि बेकर मेफील्ड निवडला गेला. विद्यापीठांत शिष्यवृत्तीविना, आपण होऊन संघाच्या दारांत उभा राहिलेला हा बेताच्या उंचीचा जिद्दी तरुण. २० सप्टेंबर २०१८ च्या रात्रीं न्यूयॉर्कच्या जेट्स संघाविरुद्ध क्लीव्हलँड १४ गुणांनीं मागें असतांना मूळचा क्वार्टरबॅक जखमी झाला आणि मेफील्ड मैदानांत उतरला. सामना २१-१७ असा जिंकला गेला. ६३५ दिवसांनंतरचा तो पहिला विजय! विजय मिळाल्याखेरीज उघडावयाचीं नाहींत अशीं बिअरचीं कुलूपबंद शीतकपाटें शहरांत ठेविलेलीं होतीं. तीं त्या रात्रीं उघडलीं. पण शिक्षक बदलण्याची खोड गेली नाहीं. पहिल्या तीन वर्षांत मेफील्डनें ४ मुख्य शिक्षक पाहिले. चौथे केव्हिन स्टेफान्स्की यांच्या हाताखालीं २०२० सालीं घडी बसली: १६ पैकीं ११ सामने जिंकले, आणि १० जानेवारी २०२१ रोजीं पिट्सबर्गच्या मैदानावर बाद फेरींत ४८-३७ असा विजय मिळाला. करोनाची बाधा झाल्यामुळें शिक्षक त्या दिवशीं घरींच होते.

शोध येथें संपावयास हवा होता. परंतु पुढच्याच हंगामांत मेफील्डचा खांदा दुखावला, संघ घसरला आणि चालकांचा धीर सुटला. मार्च २०२२ मध्यें त्यांनीं पहिल्या फेरीच्या ३ निवडी व आणखीही कांहीं देऊन ह्यूस्टनहून वॉटसनला आणलें. पांच वर्षांसाठीं २३ कोटी डॉलर देण्याची पक्की हमी दिली. त्याच्यावर वीसहून अधिक स्त्रियांनीं गैरवर्तनाचे आरोप केले होते, आणि त्यावरून ११ सामन्यांची बंदी झाली. बंदी संपल्यावर दुखापतींनीं गांठलें. २०१७ सालीं जो तरुण केवळ एका निवडीच्या मोलानें मिळाला असता, त्याच्यासाठीं पांच वर्षांनीं एवढें मोल पडलें! मेफील्ड तिकडे दोन संघ फिरून २०२३ सालीं टँपा बे येथें पोंचला व स्थिरावला. २०२४ च्या हंगामांत त्यानें फेकलेल्या चेंडूवर त्याच्या गड्यांनीं ४१ वेळां अंतिम रेषा गांठली. दैव देतें आणि कर्म नेतें, तें असें.

आतां दुसरी बाजू पाहावी. मॅनिंगचें नांव वर आलें आहे. पहिल्या वर्षीं त्याचे २८ चेंडू प्रतिपक्षानें झेलले आणि संघानें १६ पैकीं तीनच सामने जिंकले. त्याला कोणी दूर सारलें नाहीं. दुसऱ्याच वर्षीं संघानें १३ सामने जिंकले. ॲरन रॉजर्स २००५ सालीं २४ व्या क्रमांकावर निवडला गेला. ग्रीन बे संघानें त्याला ३ वर्षें ब्रेट फार्व्ह या अनुभवी खेळाडूच्या मागें शिकत ठेविलें. फेब्रुवारी २०११ मध्यें त्यानें अजिंक्यपद आणून दिलें. महोम्सही पहिलें वर्ष बहुतेक बाजूसच बसून होता. दुसऱ्या वर्षीं त्याच्या ५० फेकींवर अंतिम रेषा गांठली गेली. या तिघांचे गुण उपजत होते खरे. पण उपजत गुणांस वेळ, पुढें उभी असलेली भक्कम फळी, आणि आज एक उद्यां दुसरें न सांगणारा शिक्षक लाभला. क्लीव्हलँडनें बीज पुष्कळदां बदललें. जमीन नांगरण्याचें मात्र तितक्या नेटानें केलें नाहीं.

एप्रिल २०२५ मध्यें तेथें पुन्हां निवड झाली. दुसरा क्रमांक जॅक्सनव्हिलला देऊन क्लीव्हलँडनें खालच्या फेऱ्यांत दोन क्वार्टरबॅक घेतले: ९४ व्या क्रमांकावर डिलन गॅब्रिएल आणि १४४ व्या क्रमांकावर शेडूर सँडर्स. तरुण निवडण्यास एक संध्याकाळ पुरते. तो घडविण्यास वर्षें लागतात, आणि तीं देण्याची तयारी निवडणाऱ्यानें आधीं करावी लागते. शाळेंत, कचेरींत किंवा घरांत ज्यांच्यावर तरुणांची निवड करण्याची वेळ येते, त्यांनीं ईरी सरोवराच्या कांठचा हा सदरा आणि त्यावरील नांवांची लांबच लांब यादी एकदां डोळ्यांपुढें आणावी.