येनाच्या पानाखालचा पहारा



कोका अभयारण्यात जा, नागझिऱ्याकडे जा, नाहीतर पवनीहून कऱ्हांडल्याच्या जंगलात जा. आपल्या भंडारा जिल्ह्याच्या आणि आसपासच्या रानात येनाची झाडं जागोजागी दिसतात. पुस्तकांत याच झाडाला ऐन म्हणतात. येनाचं एखादं कोवळं पान उलटून बघा. देठाजवळ, मधल्या शिरेला लागून एकदोन बारीक गाठी दिसतील. पानाला कीड लागली असंच कुणालाही वाटेल. पण त्या मधुग्रंथी आहेत. त्यांतून गोड रस पाझरतो आणि तो प्यायला मुंग्या येतात.

फुलातला मध परागीभवनासाठी असतो. मग पानावरचा हा रस कशासाठी? कोवळं पान मऊ असतं, अळ्या आणि भुंगे ते फस्त करतात. रसासाठी पानोपानी फिरणाऱ्या मुंग्या या खादाडांना चावतात, हाकलतात, कित्येकदा उचलूनही नेतात. साखर तर झाड उन्हातून बनवतंच. त्यातला थोडा वाटा देऊन त्याला पहारा मिळतो. पान जून झालं की साधारणपणे रसही आटतो. फुलाबाहेर अशा मधुग्रंथी असलेल्या जवळजवळ 4000 वनस्पती आज माहीत आहेत. बांधावरच्या एरंडाच्या देठावरही त्या दिसतात.

ही भागीदारी एका दिवसात जमलेली नाही. म्यानमारमध्ये सापडलेल्या सुमारे 10 कोटी वर्षांपूर्वीच्या राळेत मुंग्यांचे जीवाश्म आहेत. मुंग्यांचा वंशवृक्ष मांडणारा एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून क्रम असा दिसतो: मुंग्या आधी जमिनीवर शिकार करत, मग झाडावर चढून अन्न शोधू लागल्या, पुढे झाडाचा रस खाऊ लागल्या, आणि घरं त्यांनी झाडावर सगळ्यात शेवटी केली. दक्षिण सह्याद्रीच्या सदाहरित जंगलात हम्बोल्टिया नावाचं झाड आहे. त्याच्या पोकळ फांद्यांत मुंग्या राहतात. मध्य अमेरिकेतल्या बाभळीच्या काही जाती तर मुंग्यांना पोकळ काट्यांत घर आणि पानांच्या टोकाशी खाऊही देतात. जीवशास्त्रज्ञ डॅनियल जॅन्झन यांनी अशा बाभळींवरच्या मुंग्या काढून पाहिल्या आणि 1966 मध्ये निष्कर्ष मांडले. मुंग्या गेलेल्या झाडांना किड्यांनी खाल्लं, वेलींनी वेढलं.

आता पुन्हा आपल्या येनाकडे येऊ. येनावर पानं जोडून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या तुम्ही पाहिल्या असतील, त्यांचा चावाही अनुभवला असेल. कामकरी मुंग्या एकमेकींना धरून पानांच्या कडा जवळ ओढतात. दुसऱ्या मुंग्या आपल्याच अळ्या जबड्यात धरतात आणि विणकराच्या धोट्यासारख्या या कडेवरून त्या कडेवर फिरवतात. अळीच्या तोंडातून रेशमाचा धागा निघतो आणि पानं शिवली जातात. ही अळी स्वतःसाठी कोष करत नाही. तिचं सगळं रेशीम घरट्याला जातं.

याच येनावर आपले ढिवर बांधव टसर रेशमाचे कोश करणाऱ्या अळ्या पाळतात. त्याच कोशाच्या धाग्यातून मोहाडी-आंधळगावच्या मागांवर टसरचं कापड विणलं जातं. मात्र मुंगीच्या लेखी कोशाची अळी म्हणजे पान खाणारी आणखी एक अळी. मुंगी लहान अळ्या पळवते आणि पाळणाऱ्याचं नुकसान होतं. म्हणून अळ्या सोडण्याआधी त्या झाडांवरची घरटी काढावी लागतात. ते रास्तच आहे.

पण मुंगीला सगळ्या रानाची वैरीण ठरवणं चूक आहे. केनियात मुंग्यांना घर देणाऱ्या काही बाभळींपासून हत्ती-जिराफांना दहा वर्षं कुंपण घालून दूर ठेवलं होतं. खाणारं कुणी उरलं नाही, तेव्हा झाडांनी मुंग्यांचा रस आणि घरं कमी केली. राखणदार मुंग्या दुबळ्या पडल्या, खोड पोखरणाऱ्या किड्यांचं फावलं आणि झाडं जास्त प्रमाणात मेली. एक दुवा काढला की नुकसान कुठे होईल, हे आधी कळत नाही.

म्हणून श्रोतेहो, माझी विनंती एवढीच आहे. कोशासाठी निवडलेल्या झाडांवरची घरटी हातानं उतरवा. बाकीच्या येनांवर मुंग्यांना राहू द्या. मुंग्या मारायला रानात विषारी पावडर नेऊ नका. कोश हवा असेल तर येन टिकला पाहिजे, आणि येनाची राखण करणाऱ्यांत या मुंग्याही आहेत.