रविवारची नक्षी कोणाची?

‘मूनलाइटिंग’ हा शब्द तुमच्या घरातल्या नोकरीवाल्या मुलामुलींच्या तोंडून तुम्ही ऐकला असेल. दिवसा एकाची नोकरी आणि रात्री किंवा सुट्टीला दुसऱ्याचं काम, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे याला जोडधंदा म्हणतात. बचत गटाच्या बैठकीत तर आम्ही ताईंच्या मागेच लागतो, की मजुरीला काहीतरी जोड शोधा. मग तेच शिकलेल्या पोरीने केलं तर तिची नोकरी का जावी?

आमच्या गटातल्या एका ताईंची लेक पुण्यात मोबाईलचे गेम बनवणाऱ्या कंपनीत चित्रं काढते. रविवारी ती गटाच्या कापडी पिशव्यांसाठी नक्षी काढून पाठवते. पिशवीमागे गट तिला थोडे पैसे देतो. गेल्या महिन्यात तिच्या कंपनीने एका मुलाला बाहेरचं काम करतो म्हणून काढून टाकलं आणि पोरगी घाबरली. नेमणूकपत्र काढून वाचलं, तर त्यात दोन अटी. लेखी परवानगीशिवाय दुसरं कुठलंही काम करायचं नाही, ही एक. आणि नोकरीत असेपर्यंत तिने काढलेलं प्रत्येक चित्र कंपनीच्या मालकीचं, ही दुसरी. आता सांगा, आमच्या पिशवीवरचा मोरसुद्धा कंपनीचा?

पहिल्या अटीत कंपनीचं अगदीच चुकतं असं मला वाटत नाही. २०२२ साली विप्रो कंपनीने ३०० जणांना काढलं, ते नोकरीत असतानाच प्रतिस्पर्धी कंपन्यांचंही काम करत होते म्हणून. पगार एकाचा घ्यायचा आणि त्याच वेळी त्याच्या स्पर्धकाचं काम करायचं, हे आपल्या गटात तरी कोणी खपवून घेईल का? पण विप्रोच्याच प्रमुखांनी तेव्हा असंही सांगितलं होतं, की शनिवार-रविवारी कोणी वाद्यवृंदात वाजवत असेल तर त्याबद्दल मोकळेपणी बोलता येईल. त्याच वर्षी स्विगीने आणि नंतर इन्फोसिसने परवानगी घेऊन बाहेरचं काम करायची वाट ठेवली. म्हणजे खरा प्रश्न लपवण्याचा आणि स्पर्धेचा आहे.

गेमच्या धंद्यातलंच एक उदाहरण सांगते. तुमची नातवंडं माइनक्राफ्ट खेळत असतील. तो बनवणारा मार्कस पर्सन स्वीडनमध्ये एका गेम कंपनीत नोकरीला होता आणि घरी स्वतःचे गेम करायचा. कंपनीला ते चालेना, कारण तिचाही धंदा गेमचाच. त्याने ती नोकरी सोडली आणि फोटोंचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत गेला. तिथे त्याच्या गेमला कोणाची हरकत नव्हती. ती नोकरी सांभाळून २००९ मध्ये त्याने माइनक्राफ्ट सुरू केला. पुढे २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याची कंपनी अडीच अब्ज डॉलरला घेतली. सगळ्यांचं असं सोनं होत नाही, पण लपूनछपून करण्यापेक्षा त्याने मालक बदलला, हे मला आवडलं.

दुसरी अट मात्र मला मान्य नाही. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा म्हणतो, की नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाची मालकी मालकाकडे जाते, वेगळं काही ठरलं नसेल तर. रविवारी घरी, स्वतःच्या वहीत काढलेला मोर हा काही गेम कंपनीच्या नोकरीचा भाग नव्हे. पण सही केलेल्या कागदावर ‘प्रत्येक चित्र’ लिहिलेलं असलं, की भांडायला वकील लागतो, आणि वकिलाचे पैसे कंपनीकडे असतात, पोरीकडे नसतात. आठ तासांचा पगार देऊन आठवड्याच्या सातही दिवसांची कल्पनाशक्ती लिहून घ्यायची, याला व्यवहार कसं म्हणायचं?

तिची आई म्हणाली, “विचारूच नकोस. विचारलं की नाही म्हणतील.” आम्ही बसून बराच काथ्याकूट केला. गटाकडून पैसे तिच्या बँक खात्यात जातात, त्याची नोंद राहतेच. आणि दोन ठिकाणी पगारी नोकरी असेल तर पीएफच्या खात्यावरूनही कळतं, कारण माणसाचा यूएएन नंबर एकच असतो. तेव्हा गुपचूप करण्यात अर्थ नव्हता. शेवटी आम्ही तिला पत्र लिहून दिलं. त्यात तीनच गोष्टी: काम कापडी पिशव्यांचं आहे, गेमचं नाही, ते रविवारी, तिच्या स्वतःच्या साहित्यावर होतं, आणि त्या नक्षीवर कंपनीचा हक्क नाही, हे कंपनीने लिहून द्यावं. सोबत आधीच्या पाच नक्ष्यांचे तारखेसकट फोटो जोडले.

पत्र जाऊन अकरा दिवस झाले. उत्तर आलेलं नाही. दोनशे पिशव्यांची ऑर्डर हातात आहे. मोर छापायचा थांबवलाय, सध्या काठाला नुसता धावदोरा घालतोय.