मेलेल्याच्या नावाची घरपट्टी
(केंदूर, तालुका शिरूर, येथील शेतकरी व कारागीर मंडळींपुढे केलेले भाषण)



कान्हूराज पाठकांच्या या गावी आम्ही अभंगावर बोलू, अशी तुमची अपेक्षा असेल. आम्ही बोलणार आहो घरपट्टीच्या पावतीवर. घरची शेवटची पावती काढून पाहा. तिच्यावर ज्याचे नाव आहे तो जिवंत आहे काय? पुष्कळ घरांत म्हातारा जाऊन दहा दहा वर्षे लोटली, तरी पट्टी त्याच्याच नावाने भरली जाते. पंचायत पैसे घेते, पावती देते, कोणी काही विचारीत नाही. फसगत होते ती येथेच. पुढे घरकुलाचा अर्ज, बँकेचे कर्ज किंवा भावाभावांची वाटणी निघाली म्हणजे मेलेल्याची सही कोठून आणावी?

पहिले काम मृत्यूच्या नोंदीचे. 1969 च्या कायद्याप्रमाणे ती 21 दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत फुकट होते. वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्याच्या हुकुमावाचून होत नाही. तेराव्याच्या जेवणासाठी कर्ज काढण्याची आपल्याला घाई. या दाखल्याची मात्र नाही!

दाखला हाती आला की दोन अर्ज करावे. शेताचा तलाठ्याकडे, ज्यास हल्ली ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, तीन महिन्यांच्या आत. घराचा पंचायतीकडे, नमुना आठच्या नोंदीसाठी. सातबारा बदलला म्हणजे घराची नोंद आपोआप बदलत नाही. वारसांच्या प्रतिज्ञापत्रास मुद्रांक लागत नाही. सरकारी कामासाठी ही सूट 2004 पासून आहे. कोणी पाचशेचा कागद आणा म्हणेल, त्यास हे सांगा.

आता नाजूक गोष्ट. वारस लिहिताना मुलग्यांची नावे पडतात, कधी दिराचेही घुसते, आणि विधवा व मुली तेवढ्या गळतात. "ती काय कोठे जाते? घरातच आहे," असे म्हणतात. घरात आहे, पण कागदात नाही. आणि घरातून काढावयाची वेळ आली म्हणजे कागदच बोलतो. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता पुरुष वारला, तर त्याच्या वाट्यात विधवा, मुलगे, मुली व त्याची आई यांचा सारखा हिस्सा आहे. ही मंडळी असता दिराचा त्यात काही नाही. विधवेने पुन्हा लग्न केले तरी मिळालेला हिस्सा जात नाही. हक्क सोडावयाचा तर नोंदणी केलेले हक्कसोडपत्र पाहिजे. मायबहिणींनो, साध्या कागदावर, न वाचता, दुःखाच्या भरात अंगठा देऊ नका. आणि पुरुषांनो, नमुना आठवर नवराबायको दोघांचे नाव लावण्याचा सरकारी हुकूम 2003 चा आहे. जिवंतपणीच लावा. मात्र तो उतारा कर आकारणीचा आहे, मालकीचा पक्का पुरावा नव्हे. खरेदीखत किंवा वाटणीपत्र असेल ते जपून ठेवा.

मदतीविषयी थोडके. दारिद्र्यरेषेखालील घरातला 18 ते 59 वर्षांचा कमावता माणूस गेला, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी 20,000 रुपये मिळतात. गरीब विधवेस संजय गांधी निराधार योजनेतून महिना 1,500. दोन्हींचे अर्ज तहसिलीत. माजी सैनिकाच्या विधवेस एका घराची घरपट्टी 2020 पासून माफ आहे, पण मागितल्यावाचून कोणी देत नाही.

ज्यांच्या घरी यंदा कोणी गेले असेल, त्यांनी सभा सुटल्यावर थांबावे. शाळेतल्या दोन मुली अर्ज लिहून देण्यास बसल्या आहेत. येताना मृत्यूचा दाखला व घरपट्टीची पावती आणावी.