एकाच नाकपुडीची तक्रार



 परिषदेच्या अध्यक्षानं साऱ्या शास्त्राचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. मी मात्र आज एकाच विषयावर बोलणार आहे : नाक आणि सायनसमधल्या गाठींत दडलेला कर्करोग.

सुरुवात माझ्या हातून झालेल्या चुकीपासून करतो. बऱ्याच वर्षांपूर्वी सुतारकाम करणारे एक गृहस्थ सीटी स्कॅनसाठी आले होते. डावी नाकपुडी चार महिने बंद, मधूनमधून घोळणा फुटायचा, वरच्या दाढा हलायला लागल्या म्हणून एक काढूनही झाली होती. डावा मॅक्सिलरी सायनस गच्च भरला होता. मी ‘डाव्या बाजूचा सायनसायटिस’ असं लिहून मोकळा झालो. सायनसची मागची भिंत एका जागी विरली होती आणि तिच्यामागची चरबीची काळी पट्टी पुसली गेली होती. तिकडे माझं लक्ष गेलं नाही. काही महिन्यांनी ते परत आले तेव्हा त्यांचा डोळा पुढे आला होता.

डोकं आणि मानेच्या कर्करोगांत नाक आणि सायनसच्या कर्करोगाचा वाटा जेमतेम ३ ते ५ टक्के आहे. तो विरळा, आणि सर्दी घरोघरची, म्हणून तो सर्दीच्या आड लपतो. सायनस ही पोकळी असल्यामुळे गाठीला वाढायला आयतीच जागा मिळते. ती भिंत ओलांडते तेव्हा गाल बधिर होतो, दात हलतात, एकाचे दोन दिसू लागतात. तोवर उशीर झालेला असतो. १९३३ साली स्वीडनच्या ओन्ग्रेन यांनी डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून जबड्याच्या कोनापर्यंत एक रेषा कल्पिली आणि तिच्या वर-मागे वाढणारी गाठ अधिक घातक, असं सांगितलं. कारण त्या बाजूला डोळा आहे आणि कवटीचा तळ आहे.

पुढे इंग्लंडमध्ये हाय विकम या फर्निचरच्या गावी एस्मे हॅडफिल्ड या तज्ज्ञ डॉक्टरबाईंच्या लक्षात आलं, की लाकूडकाम करणाऱ्यांत एथमॉइड सायनसचा अ‍ॅडिनोकार्सिनोमा फार आढळतो. १९६०च्या दशकात हे अभ्यासातून सिद्ध झालं. लाकडाचा भुसा आज कर्करोगकारक मानला जातो. ‘तुम्ही काम काय करता?’ या साध्या प्रश्नात केवढं निदान दडलेलं असतं! माझ्याकडे आलेल्या त्या सुतारकाकांना मी तो विचारला नव्हता.

आता आपल्या रेडिओलॉजीच्या साधनांविषयी. सीटी हाड दाखवतो. भिंत नुसती वाकली आहे की खाल्ली गेली आहे, हा पहिला प्रश्न. पॉलिपसारख्या सौम्य गाठी सहसा भिंत ढकलतात, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा ती खातो. पण यावर विसंबून चालत नाही. काही लिम्फोमा आणि मेलॅनोमा भिंत ढकलतानाच दिसतात, आणि बुरशीही हाड खाते.

पोकळीत नेमकं काय आहे, ते एमआरआय सांगतो. टी-२ प्रतिमेत साचलेला पातळ स्राव पांढरा उजळतो आणि पेशींनी गच्च भरलेली गाठ करडी दिसते. सीटीवर सारा सायनस भरलेला वाटतो, तिथे गाठ प्रत्यक्षात एका कोपऱ्यातच असू शकते. मात्र सुकून घट्ट झालेला स्राव एमआरआयवर हवेसारखा काळा दिसतो, म्हणून दोन्ही तपासण्या शेजारी ठेवून पाहाव्यात. इन्व्हर्टेड पॅपिलोमा या सौम्य गाठीत मेंदूच्या वळ्यांसारखी नक्षी दिसते. ती जिथे मोडते तिथे कर्करोगाची शंका घ्यावी, बायोप्सीचा तुकडा तिथूनच घ्यावा. अ‍ॅडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा मज्जातंतूंच्या वाटेनं कवटीत शिरतो. ती वाट दिसण्यासाठी कॉन्ट्रास्ट द्यावा लागतो आणि एमआरआयवर चरबीचा उजळपणा दाबावा लागतो.

निवाडा अखेर सूक्ष्मदर्शकाखालीच होतो. तरीही आधी स्कॅन, मग बायोप्सी, हा क्रम मोडू नये. किशोरवयीन मुलाच्या नाकातली गाठ अँजिओफायब्रोमा असेल, तर बायोप्सीच्या एका चिमट्यानं रक्ताचा लोट येतो. ती मेंदूचा खाली उतरलेला भाग असेल, तर मेंदूतलं पाणी नाकावाटे वाहू लागतं.

२०२१ मध्ये म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजारानं महाराष्ट्राला हादरवलं. त्या दिवसांत आपण प्रत्येक स्कॅनमध्ये मागच्या भिंतीपलीकडची चरबी तपासत होतो, कारण हाड शाबूत असतानाही ती बुरशी तिथे पोहोचलेली असे. कर्करोग शोधायलाही लागणारी ती सवय साथीबरोबर जाऊ देऊ नका.

फॅमिली डॉक्टरांना आणि दंतवैद्यांना माझी विनंती आहे : एकाच बाजूचं नाक बंद, त्याच बाजूनं रक्त, औषधानं उतार नाही, असा रुग्ण वाफारा देऊन परत पाठवू नका, दुर्बिणीनं नाक तपासून घ्या. शल्यविशारदांनो, चिठ्ठीवर नुसतं ‘सायनस’ लिहू नका. बाजू, त्रास किती दिवसांचा आणि रुग्णाचं काम काय, हे लिहा.

आणि माझ्या तरुण रेडिओलॉजिस्ट मित्रांनो, ताडून पाहायला निरोगी बाजू आपल्यासमोरच असते. एकच सायनस भरलेला दिसला, तर डोळ्याखालचं हाड, कवटीचा तळ आणि मागच्या भिंतीपलीकडची चरबी पाहा. त्यानंतरच ‘सायनसायटिस’ हा शब्द लिहा.