शब्दाची वीज

रेडिओच्या पेटींत विजेचा प्रवाह शब्द होऊन बाहेर पडतो. त्याच शब्दाची पुन्हां वीज करणारें दुसरें यंत्र श्रोत्याच्या कानांत असतें, आणि तें वाटाण्याहून फारसें मोठें नाहीं.

कवटीच्या कठीण हाडांत शंखाप्रमाणें सुमारें अडीच वेढे घेतलेली, द्रवानें भरलेली एक नळी आहे. कानाचा पडदा हालला कीं त्यामागील तीन इवलीं हाडें तें कंपन या द्रवास पोंचवितात. नळींत सुमारें ३५ मिलिमीटर लांबीची एक पातळ पट्टी असते. आरंभीं ती अरुंद व ताठ, तर शेवटीं रुंद व सैल असते. म्हणून बांसरीचा तारस्वर आरंभींच तिला हालवितो, तर डग्ग्याचा घुमारा टोंकापर्यंत जातो. ही लाट प्रत्यक्ष पाहणाऱ्या जॉर्ज फॉन बेकेशी यांस १९६१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

पट्टीवर सुमारें १५,००० केशपेशी आहेत. त्यांपैकीं आंतील रांगेंतील सुमारें ३,५०० पेशीच मेंदूकडे मुख्य वार्ता धाडतात. उरलेल्या स्वतः आंखडून व ताणून क्षीण कंपनास बळ देतात. प्रत्येक पेशीच्या माथ्यावर उंचीनें चढत जाणाऱ्या सूक्ष्म केसांचा जुडगा असतो. शेजारशेजारचे केस अतिसूक्ष्म धाग्यांनीं जोडलेले असतात. जुडगा उंच केसांकडे झुकला कीं धागा ताणतो आणि केसाच्या टोंकाशीं एक दार उघडतें. त्यांतून पोटॅशियमचे विद्युत्भारित कण आंत शिरतात. पाठोपाठ तळाशीं कॅल्शियम शिरतें व ग्लुटामेट नांवाचें रसायन बाहेर पडून मज्जातंतूस जागें करतें. आघात संपला; वार्ता निघाली.

कोंबडीच्या कानांत नष्ट झालेल्या केशपेशी पुन्हां उगवतात, असें १९८८ सालच्या संशोधनांत दिसलें. मनुष्याच्या कानांत मात्र जन्मापूर्वीं लाभलेला सांठाच आयुष्यभर पुरवावा लागतो. अति मोठा आवाज त्याची नासाडी करतो. बहुधा तारस्वरांच्या पेशी प्रथम जातात. ‘स’, ‘श’ यांसारखीं व्यंजनें याच उंच स्वरांवर अवलंबून असतात. म्हणूनच घरांतील वृद्धांस बोलणें ऐकूं येतें, पण शब्द उमगत नाहीं. अशा वेळीं ओरडण्यापेक्षां समोर बसून सावकाश बोलावें. आणि मुलांस ध्वनिवर्धकाच्या तोंडाशीं उभें राहूं देऊं नये. हा सांठा फिरून भरत नाहीं.